समुद्रतळाच्या तापाची नोंद

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने गायमुखापर्यंत गेलात, की खाडी दिसू लागते. तिच्या मुखाकडे, भाईंदरच्या बाजूला, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे चालत आली. तेथे उन्हाने पाणी आटते आणि वजनाने सुमारे पाव हिस्सा मीठ झाले की खडे धरू लागते. जवळजवळ तितकेच खारट, शिवाय अंग भाजेल इतके गरम पाणी तांबड्या समुद्राच्या तळाशी, सुमारे 2000 मीटर खोल, डोहांत साचले आहे! गरम असूनही ते वर येत नाही, कारण मिठाने ते फार जड झालेले असते.

1964 मध्ये ‘डिस्कव्हरी’ या ब्रिटिश जहाजाने तेथे 44 अंश सेल्सिअस तापमान मोजले. 1965 मध्ये ‘अटलांटिस दोन’ या अमेरिकन जहाजाला 56 अंश मिळाले. खरे कोणाचे? दोघांचेही! डोह शेजारचे, पण वेगळे होते.

पण तळाचा आकडा वर आणायचा कसा? वरचे पाणी 22 अंशांचे. साधा तापमापक ओढून काढेपर्यंत पारा उतरणारच. यावर तोड लंडनच्या नेग्रेती आणि झाम्ब्रा या कंपनीने 1874 मध्ये काढली: उलटणारा तापमापक. तो हव्या त्या खोलीवर काही मिनिटे ठेवायचा आणि मग तारेवरून एक वजन सोडायचे. त्याच्या धक्क्याने तापमापक उलटा होतो, नळीच्या अरुंद गळ्याशी पारा तुटतो आणि तुटलेला भाग दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. तोच जहाजावर वाचायचा. वाटेत हा तुकडाही किंचित आकसतो किंवा फुगतो; त्याच्या दुरुस्तीसाठी शेजारी एक छोटा तापमापक असतो.

दुसरा शत्रू दाब. 2000 मीटरवर तो सुमारे 200 वातावरणांइतका! काचेचा फुगा दबला, की उष्णता न वाढताही पारा चढतो. दर 100 मीटरला सुमारे एक अंश. म्हणजे तळाशी 20 अंशांची चूक! म्हणून तापमापक जाड काचेच्या नळीत बंद करतात. गंमत अशी, की जोडीला मुद्दाम एक उघडा तापमापकही सोडतात. दोन आकड्यांतल्या फरकावरून खोली कळते. डोहात मात्र पाणी सुमारे एकपंचमांशाने जड, दाब लवकर वाढतो. साध्या समुद्राचे गणित लावले तर खोली चुकते.

पुढे विजेच्या रोधावर चालणारी उपकरणे आली. ‘अटलांटिस दोन’ डोहाच्या तळच्या थरात 1966 मध्ये 56.5 अंश होते. 2008 मध्ये 68. ही वाढ उपकरणाची चूक म्हणून सोडून देण्याइतकी लहान नाही. तेथे समुद्रतळ दुभंगत आहे आणि भेगांतून तापलेले खारे पाणी डोहात येत राहिले आहे.