सात कसोटी, दोनशे सात सामने: सी. के. नायडूंचा हिशेब

७ कसोटी, १४ डाव, ३५० धावा, सरासरी २५. भारताचे पहिले कसोटी कर्णधार, नागपूरचे सी. के. नायडू यांची कसोटीतली नोंद एवढीच. आज एवढ्या सरासरीवर मधल्या फळीत जागा टिकत नाही. पण आधी छेद पाहू. १९३२ ते १९३६ या काळात भारत एकूण किती कसोटी खेळला? सात. नायडू सातही खेळले. हजेरी १०० टक्के.

म्हणजे ७ हा आकडा खेळाडूचा नाही, वेळापत्रकाचा आहे. इंग्लंडचे जॅक हॉब्ज १९०८ ते १९३० या काळात ६१ कसोटी खेळले. नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, आणि भारताची पहिली कसोटी २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर झाली. त्या दिवशी त्यांचं वय ३६ वर्षं २३८ दिवस होतं. क्षेत्ररक्षण करताना हाताला मार बसला, तरी १८९ च्या डावात सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. भारत १५८ धावांनी हरला.

पूर्ण माप प्रथम श्रेणीत मिळतं: २०७ सामने, ११,८२५ धावा, सरासरी ३५.९४, २६ शतकं आणि वर ४११ बळी. यात कसोटीच्या धावा जेमतेम ३ टक्के. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणीत १,६१८ धावा केल्या, सरासरी ४०.४५. त्याआधी १९२६ मध्ये मुंबई जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध ११६ मिनिटांत १५३ धावा, ११ षटकारांसह. त्या डावातल्या ४३ टक्के धावा षटकारांच्या. दोन वर्षांत, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ स्थापन झालं.

आता विसंगती. कसोटीतला त्यांचा सर्वोच्च डाव शेवटचा होता: ऑगस्ट १९३६, ओव्हल, ८१ धावा, वय ४०. तो वगळला तर आधीच्या १३ डावांची सरासरी २०.६९ वर येते. त्या मालिकेत ते कर्णधार नव्हते. कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते; त्यांच्या ३ कसोटींत ३३ धावा, सरासरी ८.२५.

भारताची पुढची कसोटी १९४६ च्या जूनमध्ये झाली. मधली दहा वर्षं युद्धात आणि वेळापत्रकाच्या रिकाम्या रकान्यात गेली. नायडू मात्र थांबले नव्हते. १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० धावा केल्या. कारकिर्दीतली सर्वोच्च धावसंख्या, वयाच्या पन्नाशीत. शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ चा, वय ६८. पहिला १९१६-१७ चा. कसोटीचा काळ चार वर्षांचा, खेळाचा ४७ वर्षांचा.

वर्ध्याहून नागपूरला जाताना लागणाऱ्या जामठा स्टेडियमवर २००८ पासून कसोटी होते. नागपुरातली पहिली कसोटी १९६९ च्या ऑक्टोबरमधली; नायडू १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरात वारले होते. त्यांच्या नावाचा करंडक आज २३ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी आहे. नायडूंनी तेवीस पूर्ण केली तेव्हा भारताच्या पहिल्या कसोटीला अजून साडेतेरा वर्षांहून अधिक अवकाश होता. सरासरी २५ वाचताना ही साडेतेरा वर्षं हिशेबात धरावी लागतात.