चेंगराचेंगरी होण्याआधी

२५ जानेवारी २००५. शाकंभरी पौर्णिमा. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यातल्या मांढरदेव डोंगरावर काळूबाईच्या यात्रेला लाखोंची गर्दी लोटली होती. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर काही जण घसरले, मागचा लोंढा थांबला नाही, त्यातच दुकानांना आग लागली. सुमारे ३०० भाविकांचा जीव गेला.

चेंगराचेंगरीत माणसे तुडवली जाऊनच मरतात, असा समज आहे. प्रत्यक्षात बरेचसे मृत्यू श्वास कोंडून होतात. चहूबाजूंनी दाब आला की छाती फुलत नाही. हवा असते, पण आत घेता येत नाही. काही जण तर उभ्याउभ्याच बेशुद्ध होतात. प्राणवायू तुटल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि त्या गर्दीत रुग्णवाहिका सोडाच, स्ट्रेचरही शिरत नाही. इथे खरा उपचार म्हणजे वेळेआधी कळणे.

एका चौरस मीटरमध्ये तीन-चार माणसे असली तर ती हलू शकतात. पाचाच्या पुढे धोका. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वागते. एका टोकाचा धक्का लाटेसारखा दुसरीकडे पोचतो. वीस पडद्यांसमोर बसलेल्या एकट्या पोलिसाला हे वेळेत दिसणे कठीण.

‘एज कॉम्प्युटिंग’ इथे उपयोगी पडते. कॅमेऱ्याचे चित्रण दूरच्या सर्व्हरला न पाठवता तिथेच, खांबावरच्या छोट्या संगणकात तपासायचे. एका कॅमेऱ्याच्या चित्रणाला सेकंदाला साधारण दोन ते चार मेगाबिट लागतात. असे पन्नास कॅमेरे, वर यात्रेकरूंचे मोबाइल. डोंगरावरचे नेटवर्क किती पुरणार? खांबावरचा संगणक फक्त गर्दीचा आकडा पाठवतो, त्याला एसएमएसएवढी जागा पुरते. चेहरे साठवायचीही गरज नाही, अर्थात तसे आधी ठरवले असेल तर.

एकट्या कॅमेऱ्याने भागत नाही. खाली लोक वाढताहेत आणि वर बाहेरची वाट तुंबली आहे, हे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवल्यावरच उमगते. सांगली-मिरजेत गणेश विसर्जनाची मिरवणूक अडते तेव्हाही हाच हिशेब. दोन कॅमेऱ्यांच्या टप्प्यात आलेला माणूस दोनदा मोजला जाऊ नये, हे मात्र पाहावे लागते. गुलाल, धूर, डोक्यावरचा देव्हारा यांनी यंत्र चकते. परदेशी गर्दीवर शिकलेली प्रणाली आधी इथल्या यात्रेत पारखून घ्यायला हवी.

आणि इशारा मिळूनही भागत नाही. २०२२ मध्ये सोलच्या इटेवॉन भागातल्या अरुंद गल्लीतील दुर्घटनेने १५९ बळी घेतले. पोलिसांना धोक्याचा पहिला फोन संध्याकाळी ६.३४ ला आला होता. अनर्थ घडला रात्री सव्वादहाच्या सुमारास. आकडा पाचावर गेल्यावर पायथ्याशी दोर कोण धरणार, त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागणार, हे यात्रेआधीच कागदावर हवे.