सेवा शिकवितां येते काय ?

गेल्या जून महिन्यांत माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आपल्या कन्येस बरोबर घेऊन माझ्याकडे आले होते. ते स्वतः बँकेंतून निवृत्त झालेले, वाचनाचा व्यासंग असलेले; घरांत तीन पिढ्या पदवीधर. मुलगी नुकतीच बी. ए. झालेली, आणि तिला समाजकार्य या विषयांत एम्. एस्. डब्ल्यू. ही पदवी घ्यावयाची होती. चहा होईपर्यंत गृहस्थ इकडचें तिकडचें बोलत राहिले, मग कपबशी खालीं ठेवून म्हणाले, "बाई, रागावूं नका, पण मला एक कोडें उलगडत नाहीं. लोकांच्या उपयोगीं पडावें, याला आमच्या घरांत कोणीं कधीं नाहीं म्हटलेलें नाहीं. माझी आई आयुष्यभर आळींतल्या अडल्यानडल्यांचीं बाळंतपणें काढीत आली. तिनें कोठें त्याची पदवी घेतली होती ? आणि तिनें त्याचे पैसेही कधीं घेतले नाहींत !"

मुलगी मान खालीं घालून बसली होती. प्रश्न रागावण्यासारखा मुळींच नव्हता. गेलीं बावीस वर्षें मी हाच विषय शिकवितें आहें, आणि दर जून महिन्यांत कोणी तरी पालक तो मला विचारतोच. त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत, हें मात्र विचारणाराच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. सेवा शिकवितां येते काय, हा एक. आणि शिकून केलेल्या सेवेचें वेतन घ्यावें काय, हा दुसरा.

आपल्या महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर पहिल्या प्रश्नाचें उत्तर शंभर वर्षांपूर्वींच देऊन झालें आहे. नामदार गोखले यांनीं १९०५ सालीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हां त्यांनीं येणाऱ्या तरुणाच्या केवळ उत्साहावर भिस्त ठेविली नाहीं. नव्या सभासदानें पांच वर्षें अभ्यास करावा, देश हिंडून पाहावा, आणि मगच स्वतंत्रपणें कामास लागावें, असा त्यांचा नियम होता. पांच वर्षें ! आजच्या आमच्या पदवीस दोनच लागतात. अण्णासाहेब कर्वे यांनीं हिंगण्याच्या कार्यासाठीं सेवक तयार व्हावेत म्हणून १९०८ सालीं निष्काम कर्ममठ काढला. पुढल्याच वर्षीं पुण्यांत सेवासदन निघालें, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें स्त्रियांस परिचर्येचें रीतसर शिक्षण मिळूं लागलें. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. ह्या सर्वांच्या अंतःकरणांत दया कांहीं कमी नव्हती. तरीही दयेला शिस्त लागते, हें त्यांनीं ओळखलें होतें.

विद्यापीठीय शिक्षणाचा ओघ मात्र बाहेरून आला, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. लंडनच्या दरिद्री पूर्व भागांत १८८४ सालीं टॉयन्बी हॉल उघडला, आणि विद्यापीठांतील तरुण तेथें वस्तीस जाऊं लागले. न्यूयॉर्क येथें १८९८ सालीं सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. दुसऱ्याच वर्षीं ॲम्स्टरडॅमला स्वतंत्र शाळा निघाली. आपल्याकडे त्याचा प्रारंभ झाला तो मुंबईच्या नागपाड्यांत. क्लिफर्ड मॅन्शार्ट नांवाचे अमेरिकन गृहस्थ १९२५ सालीं मुंबईस आले आणि त्यांनीं त्या गजबजलेल्या, अठरापगड वस्तींत नागपाडा नेबरहुड हाऊस ही संस्था चालविली. सर दोराबजी टाटा १९३२ सालीं वारले. त्यांच्या विश्वस्तनिधींतून १९३६ सालीं याच ठिकाणीं समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. भारतांतील ही पहिली. तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता. १९४४ सालीं तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस हें नांव मिळालें, १९५४ सालीं ती देवनारला गेली, आणि १९६४ सालीं तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईंतील निर्मला निकेतन १९५५ चें, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. देवनारचा परिसर रम्य आहे खरा. पण मला स्वतःला त्या नागपाड्याच्या इमारतीचाच हेवा वाटतो. तेथें विद्यार्थी जिना उतरला कीं धडा समोर उभा असे.

तर मग शिकवितात तरी काय ? वर्गांत मानसशास्त्र, समाजशास्त्र, कायदे, संशोधनाची पद्धति हें सर्व असतें. व्यक्तिसहयोग कार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशीं भारदस्त नांवांचीं पुस्तकें असतात. त्यांविषयीं येथें लिहीत बसत नाहीं. खरें शिक्षण होतें तें क्षेत्रकार्यांत. विद्यार्थ्यास आठवड्यांतून दोन दिवस रुग्णालयांत, महापालिकेच्या शाळेंत, झोपडवस्तींत अथवा मुलांच्या निरीक्षणगृहांत पाठवितात. परत आल्यावर त्यानें काय पाहिलें, कोण काय बोललें, आपण काय उत्तर दिलें, हें सर्व तपशीलवार लिहून काढावयाचें. आणि आठवड्यांतून एकदां मार्गदर्शकासमोर बसून त्या लिखाणाची उलटतपासणी करून घ्यावयाची. हें काम पहिल्या सहामाहींत कोणालाच आवडत नाहीं.

एक उदाहरण देतें. वस्तींतल्या शाळेंत काम करणाऱ्या एका विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, "मुलगा आठवड्यांतून तीन दिवस शाळेस येत नाहीं. त्याची आई निष्काळजी आहे." मीं शेवटच्या वाक्याभोंवतीं वर्तुळ काढलें आणि विचारलें, "निष्काळजी हा शब्द कोणाचा ? आईचा, शेजारणीचा, कीं तुमचा ?" तो गोंधळला. पुन्हां जाऊन आला तेव्हां माहिती अशी निघाली. त्या गल्लींत नळाला एक दिवसाआड पाणी येई, सकाळीं साडेसहा ते आठ. आई सहालाच धुण्याभांड्यांच्या कामासाठीं बाहेर पडे. घरांत मोठा हाच मुलगा, वय दहा. पाण्याचीं पिंपें त्यानेंच भरावयाचीं. शाळा सात वाजतां भरे. आठवड्यांतले तीन दिवस कोठें जातात, याचा हिशेब असा जुळला. मग मुख्याध्यापिकांशीं बोलून त्याला दुपारच्या अधिवेशनांत घेतलें, आणि तेवढ्यानें काम झालें. आईला उपदेश करावा लागला नाहीं, कीं कोणाच्या दयेची गरज पडली नाहीं. पण 'निष्काळजी' हा शब्द जर तसाच कागदावर राहिला असता, तर पुढें तो मुलाच्या नांवाबरोबर प्रत्येक दप्तरांत फिरला असता. सुशिक्षित घरांत वाढलेल्या आपल्या मुलांच्या तोंडीं असे शब्द फार लौकर येतात, हें मीं पुष्कळदां पाहिलें आहे. माझ्याही तोंडीं येत.

दुसरी गोष्ट पैशाची. रुग्णालयांत काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीनें एका रुग्णाच्या पत्नीला औषधासाठीं आपल्या खर्चाच्या पैशांतून तीन वेळां मदत केली. मुलगी उदार, घरचें संस्कारही तसेच. चवथ्या आठवड्यांत ती बाई हिला पाहून दुसऱ्या दारानें जाऊं लागली. विद्यार्थिनी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मॅडम, मी तिचें काय वाईट केलें ?" वाईट कांहींच केलें नव्हतें, फक्त तिला ऋणको केलें होतें. त्याच रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठीं निधी होता, त्याचा अर्ज होता, शिधापत्रिकेची प्रत जोडली कीं औषध हक्कानें मिळणार होतें. तो अर्ज भरून देणें हें कंटाळवाणें काम होतें, आणि तेंच तिचें काम होतें.

आतां माझी स्वतःची एक चूक सांगतें. विद्यार्थ्यांच्याच चुका सांगत राहणें बरें दिसत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं माझी एक विद्यार्थिनी जुलै ते मार्च एका निरीक्षणगृहांत दर मंगळवारीं व शुक्रवारीं जात असे. तेथें नऊ वर्षांचा एक मुलगा होता. रेल्वे फलाटावर सांपडलेला, कोणाशीं न बोलणारा. ही त्याच्याजवळ बसून चित्रें काढी. नोव्हेंबरांत तो बोलूं लागला, जानेवारींत आपलें नांव लिहूं लागला. तिचे अहवाल वाचतांना मला फार समाधान वाटे, आणि त्या समाधानांतच मीं चुकलें. संबंध कसा संपवावा याची तयारी किती तरी आधीं सुरू करावयाची असते, हें मीं वर्गांत दर वर्षीं शिकवितें. पण ह्या वेळीं तिला तें सांगावयास मला फेब्रुवारीची अखेर उजाडली. मार्चमध्यें तिची परीक्षा आली, जाणें बंद झालें. मुलानें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं. अधीक्षकांचा निरोप आल्यावर आम्ही दोघीही गेलों. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. बऱ्याच वेळानें म्हणाला, "ताई, तूं पण उद्यां येतें म्हणालीस." "पण" या शब्दांत त्याच्या आधींच्या नऊ वर्षांत येतों म्हणून गेलेलीं सगळीं माणसें होतीं.

त्यानंतर ती विद्यार्थिनी परीक्षा संपल्यावरही दोन महिने जात राहिली, आणि प्रत्येक भेटींत आतां किती भेटी उरल्या हें दोघें मिळून कागदावर मांडीत. तेव्हांपासून माझा नियम आहे : मुलांबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थ्यानें पहिल्याच आठवड्यांत दिनदर्शिका घेऊन जावें आणि आपला शेवटचा दिवस मुलाला दाखवावा. त्या गृहस्थांना मीं हीच हकीकत सांगितली. प्रेम तिच्यापाशीं भरपूर होतें. उणें पडलें तें माझें शिकविणें.

राहिला वेतनाचा प्रश्न. ह्या शिक्षणानें पोट भरतें काय, हें पालकानें विचारणें योग्यच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानें पांचशें किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणें आवश्यक केलें, आणि पहिल्या पिढींतील पुष्कळांस त्यामुळें नोकऱ्या मिळाल्या. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. छळास सांपडलेल्या स्त्रियांसाठीं मुंबई पोलीस आयुक्तांच्या कार्यालयांत १९८४ सालीं विशेष कक्ष निघाला तो टाटा संस्थेच्याच प्रयत्नानें. १०९८ ह्या क्रमांकावर संकटांतल्या मुलांची हांक ऐकणारी सेवा १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली, तीही तेथूनच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यांत मनोविकार क्षेत्रांतील समाजकार्यकर्त्याची व्याख्याच दिली आहे. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांस नफ्याचा कांहीं भाग समाजकार्यासाठीं खर्चावा लागतो, त्यांतूनही कामें निघालीं.

इतकें असूनही खरें तें सांगावें : पगार बहुधा बेताचा, नोकरी पुष्कळदां कराराची, आणि प्रकल्पाचा निधि आटला कीं काम व माणूस दोन्ही रस्त्यावर. माझे कित्येक चांगले विद्यार्थी तिसऱ्या-चवथ्या वर्षीं हें क्षेत्र सोडून गेले. ते गेल्यावर लोक म्हणतात, सेवाभाव उरला नाहीं. डॉक्टरनें शुल्क घेतलें तर त्याच्या सेवाभावाची चौकशी कोणी करीत नाहीं ! ज्यांच्या घरीं दुसरी मिळकत आहे त्यांनींच हें काम करावें, असा ह्या बोलण्याचा अर्थ होतो; आणि मग ज्या वस्त्यांत हें काम चालतें, तेथल्या मुलामुलींनीं तें शिकून कधींच करूं नये असाही होतो. आज माझ्या वर्गांत तशीं मुलें येतात. पाण्याच्या वेळा त्यांना विचाराव्या लागत नाहींत.

गृहस्थ शांतपणें ऐकत होते. मीं त्यांना विचारलें, "आपल्या मातोश्री सुईणपण कोणाजवळ शिकल्या ?"

"सासूजवळ. आधीं चार-पांच वर्षें नुसतें पाणी तापविणें आणि दिवा धरणें एवढेंच काम."

"आणि मूल आडवें असेल तर ?"

"तर हात लावीत नसे. लगेच गाडी जुंपून डॉक्टरकडे." इतकें बोलून ते थांबले आणि मुलीकडे पाहून हंसले.

मुलीनें तेव्हां प्रथमच तोंड उघडलें. "तेथें गेल्यावर काय बोलावें हें मला सुचलेंच नाहीं तर ?" मीं म्हटलें, "मग ऐकावयाचें. पहिले दोन महिने तेवढेंच जमलें तरी चालेल."

सध्यां ती पहिल्या वर्षांत आहे. तिला क्षयरोग विभाग दिला आहे. तिचा पहिला अहवाल अकरा पानांचा आला. त्यांतलीं नऊ पानें तिला स्वतःला काय वाटलें याविषयीं होतीं. मीं समासांत एवढेंच लिहून तो परत केला : "चौदा क्रमांकाच्या खाटेवरील बाई काय म्हणाल्या ?" काल दुसरा अहवाल आला आहे, चार पानांचा. बाईंचें नांव, गांव, घरीं ठेवलेल्या लहान मुलीचें वय, आणि औषध सुरू असल्याचें त्यांनीं सासरीं कां सांगितलें नाहीं, तें सर्व त्यांच्याच शब्दांत.