चौकट ठरते पावलांनी

जालन्यात मामा चौकाच्या एखाद्या कोपऱ्यावर उभे राहा आणि जागेवरून न हलता मोबाइलवर दोन फोटो काढा. पहिला साधा, दुसरा झूम करून. मग पहिल्या फोटोचा मधला तुकडा कापून दुसऱ्याशेजारी ठेवा. बारकावे थोडे पुसट होतील, पण चित्र तेच असेल. केळीच्या हातगाड्यामागे दुकानाची पाटी जेवढी डोकावत होती, तेवढीच दोन्हीकडे डोकावेल. गाडा आणि त्यामागची इमारत यांच्या आकाराचे प्रमाणही तसूभर बदललेले नसेल. झूम केल्यावर मागचे दृश्य पुढे ओढले जाते, असे पुष्कळ जण समजतात. लेन्स काहीही ओढत नाही. ती फक्त कापते.

हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा कॅमेऱ्याकडे बघण्याची माझी रीतच बदलली. रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूकडून निघालेला प्रकाश सरळ रेषेत येतो आणि तुम्ही जिथे उभे आहात त्या एका बिंदूपाशी जमतो. कोण कोणाला झाकणार, कोण मोठे दिसणार, कोणाच्या डोक्यामागून विजेचा खांब उगवणार, हे सगळे त्या बिंदूवर आधीच ठरलेले असते. नंतर क्रॉप करताना त्यातला कुठला तुकडा ठेवायचा एवढेच तुमच्या हातात उरते.

आता पाऊल उचला. केळीवाला 3 मीटरवर आहे आणि मागची इमारत 60 मीटरवर. तुम्ही दीड मीटर पुढे सरकलात, तर केळीवाल्याचे अंतर निम्मे होते आणि तो चित्रात दुप्पट मोठा होतो. इमारत मात्र जेमतेम अडीच टक्क्यांनी वाढते. दोन पावलांत एका माणसाचे आणि त्याच्या गावाचे नाते बदलले! हे घरी येऊन कोणत्याही सॉफ्टवेअरने तितक्या खरेपणाने जमत नाही. म्हणून रस्त्यावरचा चांगला फोटोग्राफर सारखा हलत असतो. अर्धे पाऊल डावीकडे, मग थोडे वाकून, मग ओट्याच्या पायरीवर चढून. बघणाऱ्याला तो चुळबुळ करतोय असे वाटते. खरे तर त्याची रचना चाललेली असते.

जालन्यासारख्या गावात या हालचालीला फार मोठे फळ येते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या भरभराटीतून आली, ती व्यापारी पेठ कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर वाढली. नदीच्या एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा. इथली मस्तगडाची गढी निजामुल्मुल्क आसफजाहच्या हुकुमाने काबिलखानाने 1725 मध्ये बांधली. आज गावाची मिळकत बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांवर चालते, पण जुन्या पेठेतले लाकडी खांब, कोरीव सज्जे, माळवदाची घरे अजून कुठे कुठे तग धरून आहेत. सज्ज्याच्या खाली मोबाइल दुरुस्तीचे दुकान, सज्ज्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स, फ्लेक्सला टेकवलेली शिडी. तीन काळ एकाच भिंतीवर. रंग उडालेल्या गावांचे फोटोग्राफरांना इतके वेड का, ते इथे कळते. इंग्लंडमध्ये मार्टिन पार यांनी 1983 ते 1985 या काळात लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटन या उतरती कळा लागलेल्या समुद्रकाठच्या गावाचे भडक रंगांतले फोटो काढले आणि 1986 मध्ये त्यांचे पुस्तक केले. जालन्याला समुद्र नाही. पण सरलेली श्रीमंती आणि आजची धावपळ एकाच चौकटीत भिडतात, ते दृश्य इथेही तितकेच दाट आहे.

उजेडाचे गणित मात्र पूर्णपणे आपले, इथल्या अक्षांशाचे. जालना विषुववृत्तापासून सुमारे 19.8 अंश उत्तरेला. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या टप्प्यात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते. भुवया डोळ्यांवर काळोख टाकतात, चेहरे हरवतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच वेळी सूर्य साधारण 47 अंशांवर असतो आणि माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. भरदुपारी! म्हणजे हिवाळ्यात ऐन दुपारीही बडी सडकेवर चालणाऱ्या माणसाला एक काळा जोडीदार मिळतो. आणि ही दुपार घड्याळातल्या बाराची नव्हे. आपले घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेले आहे. जालना त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने इथे सूर्य माथ्यावर यायला सरासरीने साडेबारा होत येतात.

क्रॉप करावे की करू नये, यावर फोटोग्राफरांत फार जुना वाद आहे. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म आडवी वापरून 24 बाय 36 मिलिमीटरची चौकट केली. त्यांचा लायका कॅमेरा 1925 मध्ये बाजारात आला आणि तीन-दोनचे ते प्रमाण आजच्या कित्येक कॅमेऱ्यांत टिकून आहे. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा आग्रह असे की चौकट बटण दाबतानाच पूर्ण झाली पाहिजे, नंतर कात्री नको. पण पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे, साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा 1932 चा त्यांचा जगप्रसिद्ध फोटो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांमधली फट लेन्सपेक्षा अरुंद होती. डावीकडचा भाग आडोशाने खाल्ला, तो कापावा लागला. उलट टोकाला अर्नल्ड न्यूमन. 1946 मध्ये त्यांनी संगीतकार स्ट्राविन्स्की यांचा फोटो काढला आणि निगेटिव्हचा बराच भाग काढून टाकला. पियानोचे प्रचंड काळे झाकण चौकटीचा मोठा हिस्सा व्यापते आणि माणूस कोपऱ्यात उरतो. त्या कापण्यातून संगीताचा आकारच समोर आला. मला स्वतःला न्यूमन यांची बाजू पटते. कात्री लावण्यात काही कमीपणा नाही, ती कशासाठी लावली हे माहीत असले म्हणजे झाले.

जालन्याच्या रस्त्यावर कात्रीचे पहिले काम अक्षरांशी असते. आपली नजर एका क्षणी फारच थोडा भाग लख्ख पाहते, साधारण दोन अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडासा जास्त. बाकी चित्र ती सेकंदाला तीन-चार उड्या मारत गोळा करते. या उड्या चेहऱ्यांकडे, सर्वांत उजळ ठिपक्याकडे आणि लिहिलेल्या शब्दांकडे पहिल्यांदा जातात. वाचता येणारा माणूस अक्षर न वाचता राहूच शकत नाही. त्यामुळे कोपऱ्यातल्या फ्लेक्सवर ‘हार्दिक शुभेच्छा’ दिसले की समोरच्या म्हाताऱ्या गवंड्याच्या हातांकडे कोण बघणार? फ्लेक्स निम्मा कापला, अक्षरे अर्धवट राहिली, की त्याचा नुसता रंग उरतो आणि नजर हातांकडे वळते.

याच्या उलट गंमत रेशीम कोषांच्या बाजारात. राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ 2018 मध्ये जालन्यात सुरू झाली. पांढऱ्याशुभ्र कोषांच्या राशीत व्यापारी हात घालून माल पारखतात. एवढ्या पांढऱ्यात सर्वांत गडद काय, तर ते हात. इथे मी कडेने फारसे काही कापणार नाही. मोकळा पांढरा पसाराच हातांना वजन देतो.

कात्रीची किंमतही असते. 24 मेगापिक्सेलचा फोटो 6000 बाय 4000 ठिपक्यांचा. चौरस केला तर 16 मेगापिक्सेल उरतात. लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या केल्या तर उरतात अवघे 6, आणि चांगल्या छपाईसाठी इंचाला 300 ठिपके धरले तर 10 इंच रुंदीचा फोटो मिळतो. घरातल्या भिंतीला तेवढा पुरतो, प्रदर्शनाला अपुरा.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या किमतीची. अल्बेर्तो कोर्दा यांनी 5 मार्च 1960 रोजी हवानातल्या शोकसभेत चे गेव्हारा यांचा फोटो टिपला. मूळ चौकटीत एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे, दुसरीकडे झाडाच्या झावळ्या. दोन्ही कापल्यावर एका सभेतला माणूस काळावेगळा झाला आणि जगभरच्या भिंतींवर पोचला. हेच सामर्थ्य आपल्या गावातल्या साध्या माणसावर चालवताना जपावे लागते. मैत्रिणींच्या घोळक्यात हसत बसलेली, क्षणभर खाली बघणारी बाई एकटीच कापून काढली, तर ती दुःखी आणि निराधार दिसते. एकही पिक्सेल न बदलता तिच्याबद्दल खोटे सांगितले जाते. रंग उडालेल्या गावात हा मोह जास्त, कारण पडकी भिंत मागे तयारच असते.

कडा कुठे आणायची याचा एक नियम मात्र डोळ्यांनीच घालून दिला आहे. अर्धे कापलेले सायकलचे चाक मन आपोआप पुरे करते. चौकटीबाहेर रस्ता पुढे चालूच आहे असे वाटते आणि चित्र मोठे होते. पण माणूस मनगटाशी किंवा घोट्याशी कापला की तो तुटल्यासारखा दिसतो. तीच कड वर, मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर आणली, की शरीर पुन्हा सलग होते. रघुबीर सिंग यांनी तर ॲम्बेसेडर गाडीलाच कात्री केले. त्यांच्या निधनानंतर 2002 मध्ये आलेल्या ‘अ वे इन्टू इंडिया’ या पुस्तकात गाडीची दारे, काचा आणि आरसे एकाच रस्त्याचे चार-पाच तुकडे पाडतात. आरशात मागचे गाव, काचेतून पुढचे, उघड्या दारातून बाजूचे. हे सगळे बटण दाबण्याआधीच कापून झालेले. जुन्या जालन्यातून नव्याकडे जाणाऱ्या रिक्षात मागच्या सीटवर बसलात तर चालकाचा आरसा, पुढची काच आणि दोन्ही बाजूंच्या मोकळ्या चौकटी तुमच्याही समोर असतात, आणि पुलावर रिक्षा हमखास थांबते.