नर्सिंग होमचा हिशेब कुणी मागायचा?

मागच्या हंगामात भवानीनगरच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या एका टोळीतील भगिनी नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली. राहणारी बीड जिल्ह्यातली, वय पस्तिशीच्या आत. हातात कॅरीबॅग, त्यात कागद. कागद म्हणजे काय, तर मेडिकलच्या सहा पावत्या, सोनोग्राफीचा एक फोटो आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा. बारामतीतल्या दहा-बारा खाटांच्या एका नर्सिंग होममध्ये तिची पिशवी काढली होती. डिस्चार्ज कार्ड नाही. ऑपरेशनची नोंद नाही. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली की नाही, त्याचा पत्ता नाही. आम्ही विचारले, "ताई, सही कुठे केली?" ती म्हणाली, "अंगठा घेतला साहेब. पोटात कळा चालल्या होत्या. काय लिवलंय ते कुणी वाचून दावलं न्हाई." पैसे मुकादमाने भरले आणि ते उचलीत चढवले. म्हणजे पिशवीही गेली आणि पुढच्या हंगामाची मजुरीही गेली.

हे एकटीचे रडगाणे नाही. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यात १३,८६१ महिलांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. वर्तमानपत्रांत दोन दिवस मथळे झाले आणि विषय संपला. या बायाच हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडीच्या फडांत असतात. बारामती-इंदापूरचे दवाखाने त्यांचेही दवाखाने आहेत, हे आपण विसरतो.

आपल्या वस्तीत दवाखान्याची पारख कशी होते? डॉक्टरच्या हाताला गुण आहे. इमारत काचेची आहे. सलाईन लगेच लावतात. एवढ्यावर निमगाव केतकीपासून भिगवणपर्यंतचा माणूस बारामतीची गाडी धरतो. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीला सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण तिथली रांग, 'उद्या या' आणि 'मशीन बंद आहे' यांना कंटाळलेला मजूर व्याजाने पैसे काढून खाजगीत जातो. त्याला आम्ही दोष देत नाही. सरकारी दवाखाना ज्यांनी दुबळा ठेवला, त्यांनीच त्याला तिकडे ढकलले आहे. मात्र पैसे मोजून जी सेवा विकत घेतली, ती कशी आहे हे तपासण्याचा हक्क त्याला आहे. तो हक्क त्याला कुणी सांगत नाही.

आम्ही काय बघतो ते सांगतो. आत शिरल्यावर प्रथम भिंत बघतो. देवाच्या तसबिरी असतात, डॉक्टरसाहेबांचा पुढाऱ्यांसोबतचा फोटो असतो. पण १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचे प्रमाणपत्र कुठे आहे? ही नोंदणी दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते. २०२१ च्या जानेवारीत या कायद्याचे नियम सुधारले गेले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. पैशासाठी मृतदेह अडवून ठेवता येणार नाही, हेही त्या सनदेत आले. दरपत्रक मागितले की काउंटरवरची मुलगी आमच्याकडे असे बघते, की जणू आम्ही तिच्या घरची तिजोरी उघडायला सांगितली! केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. म्हणून हा जुना कायदा हेच आपले हत्यार. ते गंजू दिले तर हातात काही राहत नाही.

पण भिंतीवरून निम्मेच कळते. खरी परीक्षा रात्री दोन वाजता असते. दिवसा बोर्डावर एम.डी., एम.एस. अशी चार नावे असतात. रात्री वर कोण असते? एखादा होमिओपॅथीचा किंवा आयुर्वेदाचा नवखा डॉक्टर, तोही कधी खालच्या खोलीत झोपलेला. आणि 'सिस्टर' म्हणून पांढरा अ‍ॅप्रन घातलेली बारावी झालेली पोरगी. ती पोरगी आपल्याच वस्तीतली असते. तिची कुठल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी नसते, तिला कुणी रीतसर शिकवलेले नसते. चार-पाच महिन्यांत ती बघून बघून सलाईन लावायला शिकते. चूक झाली की साहेब बाजूला होतात आणि पोलीस ठाण्यात तिचे नाव पुढे येते. म्हणून आम्ही नातेवाइकांना सांगतो, की भरती करतानाच विचारा: रात्री कोण असते? त्यांचे शिक्षण काय? पेशंट अत्यवस्थ झाला तर मोठे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त कुठून आणता? हे विचारले म्हणून राग येणाऱ्या दवाखान्यात न थांबलेले बरे.

तिसरी जागा मागच्या जिन्याखाली असते. तिथे दवाखान्याचा कचरा ठेवतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या रंगांत तो वेगळा करायचा असतो. तो उचलणारी मावशी कोण असते, हे आम्ही लिहायची गरज नाही. तिच्या हातात ग्लोव्हज आहेत का, कावीळ बी ची लस तिला दिली आहे का, किमान वेतन मिळते का? जो दवाखाना आपल्या मावशीच्या हाताला सुई टोचू देतो, तो पेशंटच्या अंगाला जपत असेल यावर आमचा विश्वास नाही.

जातीचे काय? १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनेही जातीवरून दवाखान्यात जाण्यास अडवणे गुन्हा केला. पण आज दारात कुणी अडवत नाही. आडनाव विचारले जाते, गाव विचारले जाते, 'गावात राहता कुठे' असे विचारले जाते आणि मग अहो-जाहोचे अरे-तुरे होते. जखम लांबून बघितली जाते. यासाठी कलम लावता येत नाही, पण सेवेचा दर्जा यातूनच कळतो.

शुश्रूषा कशी असावी, याचे माप आपल्याकडे बाहेरून आणावे लागत नाही. हगवणीने आजारी, स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह उचलून आंघोळ घातली, ही हकिकत विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तिथेच चांगल्या परिचारकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, मलमूत्र-ओकारी काढताना किळस येऊ नये, चार धीराचे शब्द बोलता यावेत आणि त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. एन.ए.बी.एच.चा बोर्ड लावणाऱ्यांनी या पाचांपैकी आपल्याकडे किती आहेत ते मोजावे. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले व डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात चालवलेला दवाखाना काय मोठा होता? माळरानावरचा दवाखाना तो. पण मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर सावित्रीमाईंनी पाठीवर वाहून तिथे आणले आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लहान असणे हा दवाखान्याचा दोष नाही. बारामतीत, इंदापुरात असे काही लहान दवाखाने आम्हाला माहीत आहेत, की जिथे डॉक्टर स्वतः खाटेशी बसून बोलतात आणि बिल समजावून सांगतात.

दरांविषयी सरकार हात वर करते. मग २०२० मध्ये कोरोनात काय झाले होते? त्याच सरकारने खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांना दर बांधून दिले. साध्या वॉर्डाला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरला ९,०००. बिलांचे ऑडिट झाले, पैसे परत करायला लावले. याचा अर्थ मनात आणले तर होते!

आता थोडे आपल्या माणसांना. दवाखान्यात पेशंट दगावला की आपले काही कार्यकर्ते निळे झेंडे घेऊन काचा फोडायला जातात. २०१० च्या कायद्याने हा अजामीनपात्र गुन्हा आहे. पोरे आत जातात आणि आमच्यासारखे वकील जामिनाला उभे राहतात. काहीजण तर काचा न फोडताच आत जातात, डॉक्टरच्या केबिनमध्ये बसतात आणि मांडवली करून बाहेर येतात. मयताच्या घरच्यांच्या हाती वीस हजार, बाकीचे कुणाच्या खिशात? आपल्या समाजातला, आरक्षणाने शिकलेला डॉक्टर असेल तर सगळेच गप्प बसतात, हेही आम्ही पाहिले आहे. माप एकच हवे.

कायद्याचा रस्ता लांब आहे, पण आहे. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती होत नाही आणि सज्ञान बाई गुंगीत असताना तिच्या आईची सही चालत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आणि सगळ्याच्या आधी कागद हवेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत डॉक्टरने नोंदी दिल्या पाहिजेत. तोंडी मागू नका. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

त्या भगिनीसाठी आम्ही असाच अर्ज दिला. ७२ तास गेले, आठवडा गेला. अकराव्या दिवशी दोन झेरॉक्स मिळाल्या. संमतीपत्रावर तिचा अंगठा आहे, साक्षीदाराची सही नाही आणि ऑपरेशनचे नाव लिहायची जागा कोरी आहे. तपासणीचा अहवाल आलेला नाही, त्यासाठी दुसरा अर्ज दिला आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणून तक्रार बीडच्या आयोगात जाईल. तिकडचे एक वकीलमित्र उभे राहायला तयार आहेत. फक्त तक्रारीवर अंगठा द्यायला तिला बीडला जावे लागेल आणि टोळी अजून फडावर आहे. मुकादम एक दिवस सोडायला तयार नाही. येत्या रविवारी आम्ही कागद घेऊन फडावरच जाणार आहोत.