नामांतर, संकेत आणि डेटाबेसची फेरफार नोंदवही

केंद्र सरकारने 24 फेब्रुवारी 2023 रोजी औरंगाबाद शहराच्या नामांतराला मान्यता दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्हा व महसुली विभागही छत्रपती संभाजीनगर या नावाने अधिसूचित झाले; परंतु चिकलठाण्याच्या विमानतळाचा आयएक्सयू हा तीन अक्षरी संकेत आणि वाहनांच्या पाटीवरील एमएच 20 ही खूण आधीचीच राहिली. रेल्वेने वेगळा मार्ग घेतला. ऑक्टोबर 2025 मध्ये शहराच्या मुख्य स्थानकाचे नाव बदलताना तिने एडब्ल्यूबी हा जुना संकेतही काढून त्या जागी सीपीएसएन हा नवा संकेत आणला. माणसांनी वाचावयाचे नाव आणि यंत्रणेने ओळखावयाचा संकेत या दोन भिन्न गोष्टी असून, पहिली बदलताना दुसरीचे काय करावे हा प्रश्न संगणकप्रणाली लिहिणाऱ्यांसमोरही नेहमी उभा राहतो. चालू वेब ॲप्लिकेशनच्या एखाद्या भागाचे नाव बदलताच डेटाबेसकडून त्रुटींची जी रांग लागते, तिचे मूळ बहुधा या प्रश्नाचे उत्तर न ठरवताच केलेल्या बदलात असते.

जँगो ही पायथन भाषेतील वेब ॲप्लिकेशन उभारण्याची प्रणाली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मली आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात मोठे ॲप्लिकेशन लहान लहान भागांत विभागले जाते आणि अशा प्रत्येक भागालाही ‘ॲप’ असेच म्हणतात. डेटाबेसच्या रचनेत करावयाचा प्रत्येक बदल, म्हणजे नवे टेबल, नवा रकाना किंवा एखादे बंधन, एका क्रमांकित फाइलमध्ये लिहिला जातो. या फाइलला मायग्रेशन म्हणतात आणि 2014 मधील 1.7 या आवृत्तीपासून ही सोय जँगोमध्येच अंतर्भूत आहे. महसूल खात्याच्या व्यवहारातून ही रचना चटकन समजते: सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो, तर ती स्थिती कोणकोणत्या बदलांतून आली हे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते. डेटाबेसमधील टेबले हा सातबारा मानला, तर ‘जँगो मायग्रेशन्स’ नावाचे एक छोटे टेबल ही फेरफार नोंदवही ठरते. कोणत्या ॲपचे कोणते मायग्रेशन केव्हा लागू झाले, एवढेच त्यात नोंदलेले असते.

समजा, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याच्या प्रणालीत ‘कामगार’ नावाचे ॲप आहे आणि त्यात हजेरीची नोंद होते. जँगो ॲपच्या नावावरून त्याचे लेबल, म्हणजे अंतर्गत ओळख, ठरवते आणि त्या लेबलावरून टेबलाला ‘कामगार_हजेरी’ असे नाव देते. उद्या ॲपचे नाव ‘कर्मचारी’ केले, तर प्रणाली ‘कर्मचारी_हजेरी’ हे टेबल शोधू लागते आणि नोंदवहीत कर्मचारी या लेबलाची एकही नोंद नसल्याने सर्व मायग्रेशने अजून लागू व्हावयाची आहेत असे समजते. दुसऱ्या ॲपची मायग्रेशने जुन्या नावावर अवलंबून असतील, तर ज्याच्यावर अवलंबून आहोत ते मायग्रेशनच सापडत नाही अशी त्रुटी येते. ते अवलंबित्व नव्या नावाने दुरुस्त केले, तर आधीचे मायग्रेशन लागू नसताना नंतरचे लागू कसे, अशी इतिहासातील विसंगतीची तक्रार येते. टेबलाचे नाव बदलले पण नोंदवही तशीच ठेवली, तर ‘टेबल आधीच अस्तित्वात आहे’ असा निरोप मिळतो, आणि याच्या उलट केले तर ‘टेबल अस्तित्वात नाही’ असा. सर्वांत घातक अवस्था मात्र कोणतीही त्रुटी न येण्याची असते, कारण तेव्हा प्रणाली नवे, रिकामे टेबल निमूटपणे तयार करते आणि वर्षानुवर्षांची हजेरी जुन्या टेबलात सुरक्षित असूनही कोणालाच दिसत नाही.

विमानतळाचा मार्ग येथे सोपा आहे: ॲपच्या नोंदणीत लेबल स्पष्टपणे ‘कामगार’ असेच लिहून ठेवावे, मग कोडमधील नाव बदलले तरी टेबले आणि नोंदवही यांना हात लावावा लागत नाही. चालू प्रणालीसाठी बहुतेक वेळा हाच मार्ग शहाणपणाचा असतो, जरी जुने नाव आत उरल्याची खंत काहींना वाटत असली.

रेल्वेचा मार्ग घ्यावयाचा असल्यास बॅकअप आणि त्याच्या प्रतीवर केलेली रंगीत तालीम यांना पर्याय नाही. प्रथम कोडमधील सर्व उल्लेख, मायग्रेशन फाइलींतील अवलंबित्वांसह, बदलावे लागतात. नंतर प्रणाली थांबवून नोंदवहीतील लेबल, टेबलांची नावे आणि ‘कंटेंट टाइप’ या टेबलातील लेबल ही तीन ठिकाणे एकाच वेळी बदलावी लागतात. हे तिसरे ठिकाण हमखास विसरले जाते. कोणत्या गटाला हजेरी दुरुस्त करण्याची परवानगी आहे, हे त्याच्याच आधारे साठवलेले असते. ते बदलण्याआधी मायग्रेशने लागू करणारी ‘मायग्रेट’ आज्ञा चालवली, तर नव्या लेबलाच्या नव्या परवानग्या निर्माण होतात आणि लोकांना दिलेले अधिकार जुन्यांकडेच अडकून राहतात.

हा बदल नव्या मायग्रेशनमध्येच का लिहू नये, असा प्रश्न साहजिक आहे. मात्र ‘मायग्रेट’ आज्ञा कोणतेही मायग्रेशन चालवण्यापूर्वी नोंदवहीची सुसंगती तपासते आणि विसंगती दिसताच थांबते, म्हणून नोंदवहीची दुरुस्ती तिच्या बाहेर, थेट डेटाबेसमध्येच करावी लागते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये हे सारे बदल एकाच व्यवहारात गुंफता येतात, त्यामुळे मध्येच चूक झाल्यास सर्व काही पूर्वपदावर येते. मायएसक्यूएलमध्ये टेबलाचे नाव बदलण्याची प्रत्येक आज्ञा तत्काळ कायम होत असल्याने तेथे अर्धवट स्थितीचा धोका अधिक असतो.

अडचण आली की ‘फेक’ हा पर्याय सुचवला जातो. मायग्रेशन न चालवता ते लागू झाल्याची नोंद करणे, हा त्याचा अर्थ. जमिनीचा ताबा प्रत्यक्षात बदलला असून केवळ फेरफार नोंदवायचा राहिला असेल तेथे अशी नोंद योग्यच ठरते, पण टेबल खरोखर त्या स्थितीत आहे की नाही हे न पाहता ती केल्यास नोंदवही आणि वस्तुस्थिती यांची फारकत होते आणि ती पुढच्या एखाद्या मायग्रेशनच्या वेळी, कारण विस्मरणात गेल्यावर, उघड होते. डेटाबेस पुसून नव्याने सुरुवात करण्याचा सल्ला तर फक्त विकसकाच्या स्वतःच्या संगणकापुरताच ग्राह्य मानावा.

काम झाल्यावर ‘शोमायग्रेशन्स’ आज्ञेने सर्व मायग्रेशने लागू दिसतात का, कोरडी फेरी म्हणून चालवलेली ‘मेकमायग्रेशन्स’ आज्ञा कोणताही बदल उरला नसल्याचे सांगते का आणि हजेरीच्या टेबलातील ओळींची संख्या आधीइतकीच भरते का, हे पाहावे, आणि त्यानंतरच प्रणाली कामगारांसाठी पुन्हा सुरू करावी.