ताठलेला कणा (भाग ६) : मानेच्या शस्त्रक्रियेनंतर हातापायांतली ताकद

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये मान मोडते ती बहुधा खालच्या भागात, पाचव्या ते सातव्या मणक्याच्या आसपास. त्यासाठी मोठा अपघात लागत नाही; न्हाणीघरात पाय घसरणेही पुरते. वर्षानुवर्षांच्या दाहामुळे मणके हाडानेच एकमेकांना जोडले गेलेले असतात आणि आतले हाड मात्र ठिसूळ झालेले असते. त्यामुळे भेग पुढून मागेपर्यंत आरपार जाते. भेगेच्या वर डोक्यासह मानेचा एक अखंड दांडा, खाली पाठीचा दुसरा. सगळी हालचाल त्या एकाच जागी एकवटते आणि मज्जारज्जू नेमका तिथून जात असतो.

शस्त्रक्रियेनंतर ताकद किती परतेल, हे बरेचसे शस्त्रक्रियेच्या आधीच ठरते. पडल्यावर अनेक रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येतात, फक्त मान दुखत असते. साध्या एक्स-रेत खांद्यांच्या सावलीमुळे मानेचा खालचा भाग झाकला जातो, जुने दुखणे म्हणून गोळ्या दिल्या जातात आणि काही दिवसांनी हातपाय लुळे पडू लागतात. म्हणून या आजाराच्या माणसाला पडल्यानंतर मानेत नवे दुखणे सुरू झाले, तर फ्रॅक्चर आहे असेच धरून सीटी स्कॅन करावा लागतो, तोही पूर्ण कण्याचा, कारण दुसरीकडे आणखी एक भेग असू शकते. एमआरआयमध्ये मज्जारज्जूची सूज आणि त्याच्याभोवती साचलेले रक्त दिसते.

दुसरा धोका सद्भावनेतून येतो. ज्याची मान कित्येक वर्षे पुढे वाकलेली आहे, त्याला सपाट फळीवर निजवून ताठ पट्टा बांधला, तर भेग पुढच्या बाजूने उघडते आणि तोवर शाबूत असलेला मज्जारज्जू दुखावतो. डोक्याखाली उशा रचून मान तिच्या नेहमीच्या बाकातच ठेवायची असते. तो बाक किती होता, हे घरची माणसेच सांगू शकतात, आणि त्यांनी ते न विचारताही सांगावे.

इजेची श्रेणी ‘अ‍ॅशिया’ मोजपट्टीवर ए ते ई अशी ठरवतात. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या भागापर्यंत ना संवेदना, ना हालचाल, ‘बी’मध्ये संवेदना उरते, ‘सी’ आणि ‘डी’मध्ये कमीअधिक हालचालही असते, ‘ई’मध्ये तपासणी पूर्ण सामान्य येते. गुदद्वाराजवळची टाचणीची तपासणी नातेवाइकांना विचित्र वाटते, पण तिथे टोचलेले कळत असेल तर मज्जारज्जूतले काही धागे जिवंत आहेत, आणि पुढची आशा त्यांच्यावरच उभी असते. ‘ए’मधले बहुतेक रुग्ण ‘ए’मध्येच राहतात. ‘सी’ आणि ‘डी’मधल्या अनेकांना पुन्हा चालता येते.

शस्त्रक्रियेत भेगेच्या वरखाली अनेक मणक्यांत स्क्रू घालून ते सळ्यांनी जखडतात, गरज पडल्यास पुढूनही आधार देतात, आणि मज्जारज्जूवरचा दाब किंवा रक्ताची गाठ काढतात. ठिसूळ हाडात थोडे स्क्रू टिकत नाहीत, म्हणून जोडणी लांबलचक असते. मानेच्या मज्जारज्जूच्या इजेवर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, 24 तासांच्या आत दाब काढलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनी दोन श्रेणींची सुधारणा होण्याची शक्यता अधिक दिसली. पण स्क्रू मज्जारज्जू दुरुस्त करत नाहीत. ते फक्त त्याला पुन्हा दुखापत होऊ देत नाहीत. ‘ऑपरेशन यशस्वी झाले’ आणि ‘हात हलू लागले’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि कुटुंबाला ती वेगवेगळीच सांगितली गेली पाहिजेत.

तुटलेले धागे पुन्हा वाढत नाहीत. सूज ओसरते, वाचलेल्या धाग्यांवरचे आवरण पुन्हा तयार होते, आणि उरलेल्या जोडण्या नवी कामे शिकतात. ताकद येते ती यातून. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, त्यानंतर वेग मंदावतो, तरी वर्ष-दीड वर्ष थोडीफार भर पडत राहते. मज्जारज्जूच्या मध्यभागी इजा असेल तर पाय आधी सावरतात, मग लघवीवरचा ताबा येतो, आणि बोटांची कामे सर्वांत शेवटी. छोटी वाढही मोलाची असते: मानेतल्या सातव्या मज्जातंतूचे काम परतले की कोपर सरळ करता येते, आणि हातांवर भार देऊन पलंगावरून खुर्चीत सरकण्याची शक्यता निर्माण होते.

या रुग्णांची वाट इतरांपेक्षा खडतर असते. त्यांच्या बरगड्या आधीच जखडलेल्या असतात, श्वास जवळजवळ पूर्णपणे पोटाच्या पडद्यावर चालतो. इजेमुळे खोकण्याची ताकदही गेली की न्यूमोनिया गाठतो. म्हणून श्वसनाचे व्यायाम आणि कफ काढणे पहिल्या दिवसापासून सुरू होते. कंबर न वाकल्यामुळे, पुढे झुकून तोल सांभाळण्याच्या नेहमीच्या युक्त्या त्यांना जमत नाहीत. त्यामुळे कागदावर श्रेणी तीच असली तरी स्वावलंबन कमी पडू शकते, आणि फिजिओथेरपीची आखणी ताठ कण्याच्या मापानेच करावी लागते.

जमेची बाजू अशी की जोडणी भक्कम असेल तर या आजारात हाड सहसा चांगले जुळते. मात्र सुधारलेली ताकद पुन्हा घटू लागली, मानेत नवी कळ आली किंवा सुन्नपणा वर सरकू लागला, तर स्क्रू सैल झाले आहेत का, मज्जारज्जूत पोकळी तयार होत आहे का, हे पाहण्यासाठी विनाविलंब पुन्हा स्कॅन करावा लागतो, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत.